चुन्याचं बोट

मशीन घरात आलं, त्याच दिवशी अंबाजीचा ठोकळा बाहेर गेला.

अंबरपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली कामाची. दारातून उजेड येतो त्या कोपऱ्यात चिंचेचा ठोकळा, ठोकळ्यामागे पोतं आणि पोत्यावर अंबाजी, अशी चाळीस वर्षं गेली होती. डावा पाय मुडपून, उजवी टाच फरशीला रोवून तो वेत चिरायला बसे. त्या टाचेने शहाबादी फरशीत उथळ खळगा पडला होता. मशीनचा एक पाय नेमका त्या खळग्यात आला आणि मशीन डुगडुगायला लागलं. योगेशने पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सारली.

"आता नाही हलत," तो म्हणाला.

मग त्याने ठोकळा दोन्ही हातांनी कवटाळून उचलला आणि बाहेर मोरीजवळ, पाण्याच्या ड्रमशेजारी नेऊन ठेवला. अंबाजी दारात उभा होता. लेकाला वाट द्यायला तो बाजूला सरकला.

"बाबा, तुम्ही आता आराम करा. लई वर्षं केलं."

"हौ," अंबाजी म्हणाला.

अंबाजीची बायको उषा पिठाचे हात घेऊन आतल्या दारात उभी होती. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं. पण तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

मशीन आणण्यात योगेशची चूक नव्हती, हे तिला कळत होतं. संक्रांतीच्या सुमारास अंबाजीची बोटं गेली. म्हणजे बोटं जागेवर होती, पण त्यांना काही कळेनासं झालं. दहा वर्षांची साखर. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि एकेका बोटाच्या टोकाला टाचणी टेकवली. "टोचलं की सांगा." अंबाजी डोळे मिटून वाट बघत राहिला. दहाही बोटं झाली. बाईंनी टाचणी खाली ठेवली, तेव्हा त्याने विचारलं, "लावता का आता?"

तेव्हापासून सुरीने बोट कापलं तर ते त्याला वेताच्या पट्टीवरच्या रक्तावरून कळायचं. जखमा महिना महिना भरत नसत. आणि वाचनालयाच्या चोवीस खुर्च्या एक मेच्या आत विणून द्यायच्या होत्या.

त्या खुर्च्या अंबाजीच्या बापाने पहिल्यांदा विणल्या होत्या. सागवानी, रुंद हातांच्या. वाचनालयाचे चिटणीस भगवंतराव, सचिवालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी. त्यांनी बैठकीत भांडून हे काम अंबाजीला दिलं होतं. बाकीच्यांचं म्हणणं, प्लास्टिकच्या घ्या, पुसल्या की झालं. "या खुर्च्या नीट झाल्या, तर पुढे सभागृहातल्याही वेताच्याच होतील," भगवंतराव म्हणाले होते. "नाही झाल्या, तर मग मलाही काही बोलता येणार नाही."

योगेशने दिलसुखनगरला एका कोचिंगमध्ये दोन वर्षं घालवली होती, नोकरी लागली नव्हती. मग तो वेतकामाच्या प्रशिक्षण केंद्रात गेला आणि तिथे त्याने हे मशीन बघितलं. केंद्राने ते दोन महिने ट्रायलवर दिलं. काम होतं हे दाखवलं, तर ते कायमचं यांच्याकडे राहणार होतं.

अंबाजीच्या हातून वेत चिरणं आता होणार नव्हतं. पण बाहेरच्या खोलीत त्याला बसायला जागा उरेल की नाही, हे उषाला कुणाला विचारता येत नव्हतं. आपल्या नवऱ्याला बसून राहता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. सणाच्या दिवशी दुपारपर्यंत हात रिकामे राहिले, तर तो दोरीचे तुकडे उकलत बसायचा.

पाडवा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वेताचे भारे आले. पहाटेच उठून अंबाजीने ते अंगणात सोडले. भाऱ्यात निम्म्या वेतांचे बुडखे इकडे आणि निम्म्यांचे तिकडे असतात, म्हणजे भारा दोन्हीकडे सारखा बसतो. भारा सोडला की अंबाजीचं पहिलं काम ठरलेलं. एकेक वेत उचलायचा, जाड टोक बघायचं आणि त्या बुडख्याला चुन्याचं बोट लावायचं. त्याचा बाप लावायचा. पुढे वेत चिरून पट्ट्या निघाल्या की चुन्याकडच्या टोकाला अंबाजी एक गाठ मारी. तो डावखुरा, त्यामुळे गाठ डावीकडे वळे. उषा विणायला बसली की बादलीत न बघता हात घालायची. गाठ हाताला लागली की ती सोडायची आणि तेच टोक पुढे घेऊन विणू लागायची. बत्तीस वर्षांत तिने गाठ कधी शोधली नव्हती. ती असायचीच.

त्या दिवशीही अंबाजीने साऱ्या वेतांना चुना लावला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आठ वाजता योगेशने मशीन चालू केलं. दोन रबरी रुळांमधून वेत आत ओढला जाई आणि पुढे चांदणीसारख्या सहा पात्यांवर जाऊन आदळे. सहा फाका होऊन पलीकडे पडत. त्या फाका दुसऱ्या तोंडात घातल्या की खालचं पातं आतला गाभा तासून काढी, दोन उभी पाती कडा कापत आणि चकचकीत सालीची, टोकापासून टोकापर्यंत एकाच रुंदीची पट्टी सळसळत बाहेर येई. आवाजाने पत्रे थरथरत होते. योगेश हाताला येईल ते टोक आत घालत होता. त्याच्या केसांवर, भुवयांवर पिवळा भुसा बसला. अंबाजीला ज्या कामाला तीन आठवडे लागले असते, ते दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं.

रुळांत धरलेलं वीतभर टोक मात्र चेचून निघत होतं. उषाने जुडग्या केल्या, कोयता घेतला आणि दोन्हीकडची टोकं उडवायला सुरुवात केली. चुना लागलेल्या टोकांपाशी तिचा हात थांबला.

"योगेश, बुडखा कळायला नक्को का रे?"

"आई, मशीनने सगळं सारखंच केलंय. बघ हात लावून."

तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. काचेसारखी गुळगुळीत.

"लाइट घे ना, एवढा विचार नको करू," योगेश म्हणाला. "वेटोळी एकदम नीट दिसली पाहिजेत. केंद्राचे साहेब फोटो मागतायत."

तिने टोकं उडवली. पांढरी टोकं दाराशी ढिगाने पडली. ड्रमशेजारी ठोकळ्यावर बसून अंबाजी बघत होता. काम संपल्यावर तो उठला, ती टोकं त्याने ओंजळीत भरली आणि तीन खेपांत कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकली.

पहिली खुर्ची उषाने सोमवारी घेतली. चौकटीच्या भोकांमधून आधी उभे पदर, त्यावर आडवे, परत उभे, परत आडवे आणि शेवटी दोन तिरपे. पहिले दोन पदर सैल असतात, तिथे पट्टीला काही सोसावं लागत नाही. चौथ्या पदरात पहिली पट्टी तुटली. एखादी तुटतेच. तिने दुसरी घेतली. तिरप्या पदरांना आली तेव्हा तासाभरात सात तुटल्या.

"ऊन बघ ना कसलं आहे," योगेश म्हणाला. "वाळलाय वेत."

ऊन होतंच. एप्रिल लागला नव्हता तरी पत्र्याखाली श्वास कोंडत होता. तिने पट्ट्या एक तासाऐवजी दोन तास भिजवल्या. मग चार तास. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. बेगम बाजारातून योगेशने रुंद टब आणला, म्हणजे पट्ट्या मुडपू नयेत. नळाचं पाणी सोडून कॅनचं पाणी वापरून पाहिलं. पट्ट्या तुटतच राहिल्या. तुटलेली पट्टी बाहेर काढायची म्हणजे तिच्यावरून गेलेले चार पदर उसवायचे. एक खुर्ची दीड दिवसात होते, ती चार दिवस झाले तरी होईना. उषाची बोटं पाण्याने पांढरी पडली, पेरांवर चिरा गेल्या. तिने त्यांना चिकटपट्टी गुंडाळली. मान ताठली. जेवताना घास उचलायला हात वर जाईना, म्हणून ती ताटावर वाकून जेवू लागली.

अंबाजी सकाळी चहा घेऊन बाहेर जायचा आणि ड्रमपाशी बसायचा. आतून पट्टी तुटल्याचा आवाज यायचा, सुक्या शेंगेसारखा. तो मान वळवायचा नाही.

पाचव्या दिवशी दुपारी योगेश मशीनच्या माणसाशी बोलायला केंद्रावर गेला. उषा एकटीच होती. तिने चार-पाच दिवस साठलेल्या तुटक्या पट्ट्या पुढ्यात ओढल्या आणि एकेक बघू लागली. वेत वाळल्यामुळे तुटत असता, तर कुठेही तुटला असता. पण ही तुटली होती पेरावर, वेताच्या सांध्याशी. हीसुद्धा पेरावर. तिने पंचवीस-तीस पट्ट्या बघितल्या. एकूण एक पेरावर.

मग तिने एक नवी पट्टी घेतली आणि अर्ध्या विणलेल्या खुर्चीत तिरपी घालून ओढली. पेर आलं तशी ती अडली. तिने जोर लावला नाही. पट्टी हळूच मागे घेतली, उलटी केली, दुसरं टोक पुढे घेऊन घातली. सरसर गेली. सगळी पेरं गेली.

उषाने पट्टीची सालीची बाजू वर केली.

मशीनने गाभा तासला होता, कडा कापल्या होत्या. वरच्या सालीला ते हात लावत नव्हतं, लावून चालणारच नव्हतं. ती चकाकी म्हणजेच तर वेत. त्या सालीवर प्रत्येक पेराशी केसाएवढा कंगोरा असतो. बुडख्याकडून शेंड्याकडे जाताना तो लागत नाही, उलट येताना अडतो. हे तिला माहीत होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानेच सांगितलं होतं. पण माहीत असलेली गोष्ट कधी वापरावी लागली नव्हती, कारण गाठ असायची.

तिने पट्टी हातात धरून नुसत्या बोटाने दिशा ओळखायचा प्रयत्न केला. चिकटपट्टी काढली. अंगठा फिरवला, नख फिरवलं. इतक्या बारीक पट्टीवर कंगोरा लागतोय की भास होतोय, हे कळेना. तीन पट्ट्यांमागे एक चुकत होती. आत खुंट्यांवर साडेचारशे पट्ट्या टांगलेल्या होत्या. प्रत्येक पट्टी खुर्चीत घालून, अडली की काढून बघायची म्हटलं तर पावसाळा उजाडला असता.

ती बाहेर आली. अंबाजी ठोकळ्यावर बसला होता.

"अहो, टोकं मी उडवली तेव्हा तुम्ही इथेच होता ना?"

"हौ."

"बघत होता."

"बघत होतो."

"मग बोलला का नाही?"

अंबाजीने ड्रमच्या तोटीकडे बघितलं. तोटी गळत होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला कुणी विचारलं?"

"मी विचारलं होतं! आतून विचारलं होतं, बुडखा कळायला नको का म्हणून."

"त्याला विचारलंस."

उषाला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. ती म्हणाली, "पाच दिवस. पाच दिवस माझे हात सोलून निघाले आणि तुम्ही इथे बसून ऐकत राहिला."

तिने दोन्ही हात त्याच्या पुढ्यात धरले. अंबाजीने ते बघितले. बराच वेळ बघितले. मग आपला हात पुढे करून त्याने तिच्या बोटावरची चीर चाचपली, आणि चाचपून काही कळलं नाही म्हणून हात मागे घेतला.

"एक पट्टी आण," तो म्हणाला.

तिने आणून दिली. त्याने अंगठा आणि तर्जनीत धरून ती ओढली. परत ओढली. मान हलवली. मग आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. त्याने पट्टी उचलली, चकचकीत बाजू खालच्या ओठाला लावली आणि डोळे मिटून सावकाश ओढली. उलटी केली, परत ओढली. डोळे उघडले.

"हा बुडखा," तो म्हणाला आणि त्या टोकाला गाठ मारली.

उषाने ती पट्टी आत नेऊन खुर्चीत घातली. सरसर गेली. मग तिने खुंटीवरचं अख्खं वेटोळं काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

योगेश परत आला तेव्हा ड्रमपाशी साठ-सत्तर पट्ट्या गाठी मारून पडल्या होत्या. आईने त्याला खुर्चीत पट्टी घालून दाखवली, सुलटी आणि उलटी. तो पाहत राहिला. मग बाहेर बघून हळूच म्हणाला, "पण हे असं, गल्लीत बसून? लोक बघतायत, आई. बाबांना आत तरी बसव."

"आत जागा आहे का?" उषा म्हणाली.

योगेशने मशीनकडे बघितलं.

वेताची साल धारेची असते. पहिल्या दिवशी अंबाजीच्या ओठाला नुसती लाली आली. दुसऱ्या दिवशी बारीक चिरा दिसू लागल्या. उषाने खोबरेल लावून दिलं. त्याने ते पुसून टाकलं, तेलावर कंगोरा कळत नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी चहा ओठाला लागला की तो डोळे मिटायचा. ते बघून उषाला दवाखान्यातली टाचणी आठवली. ओठाला तरी लागतंय, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

खुर्च्या मात्र निघू लागल्या. दीड दिवसाला एक. मग योगेश उभे-आडवे पदर घालायला लागला आणि तिने फक्त तिरपे घेतले, तशी दिवसाला एक.

भगवंतराव आले ते नवव्या खुर्चीच्या वेळी. हातात छत्री, पांढरा सदरा पाठीला चिकटलेला. गल्लीतून येतानाच त्यांना ड्रमपाशी अंबाजी दिसला.

"अंबाजी, हे काय चालवलंयस?"

अंबाजी उठायला लागला. पायांना अंदाज येईना, म्हणून ड्रमला धरून उठला. "पट्टीची दिशा बघतोय साहेब."

"तोंडाने?"

"बोटांना कळेना झालंय."

भगवंतरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. आत जाऊन त्यांनी तयार खुर्च्या पाहिल्या, हात फिरवला, छान म्हणाले. उषाने पाणी दिलं. पेला हातात घेऊन ते क्षणभर थांबले आणि न पिताच तो खाली ठेवत म्हणाले, "धुऊन घ्याल ना पण हे सगळं? म्हणजे माझं काही नाही, बाई. लोक बसणार त्यावर. उगीच कुणी काही बोलायला नको."

"विणायच्या आधी चार तास पाण्यातच असतं साहेब."

"हां. मग ठीक आहे. मग काही प्रश्नच नाही."

ते गेले. छत्री वळणावर दिसेनाशी झाली तशी उषा पेल्यातलं पाणी मोरीत ओतत म्हणाली, "बसायला काय तोंड लावतात का खुर्चीला?"

अंबाजी हसला. महिनाभरात पहिल्यांदा हसला, आणि ओठाची चीर उसवून रक्त हनुवटीवर आलं. ते त्याला कळलं. त्याने उपरण्याने टिपलं आणि मांडीवरच्या पट्टीला लागलं नाही ना, ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाहेर बसला तो भिंतीकडे तोंड करून. गल्लीकडे पाठ. ठोकळा त्याने स्वतःच फिरवून घेतला होता. भिंतीवर ड्रमच्या ओलीने शेवाळ धरलं होतं. त्याकडे बघत तो पट्टी ओठावरून ओढत होता आणि कुणी जवळून गेलं की थांबत होता.

उषा दारातून बघत होती. तिच्या मागे योगेश उभा राहून बघत होता, हे तिला श्वासावरून कळलं. तो आत गेला, तोंड धुतलं, आणि बाहेर जाऊन बापाच्या पुढ्यात, भिंतीला टेकून उकिडवा बसला. त्याचं तोंड गल्लीकडे होतं.

"मला दाखवा," तो म्हणाला.

"तुला नाही जमायचं. मिशा आहेत."

"खालच्या ओठाला कुठे आहेत?"

अंबाजीने त्याच्याकडे बघितलं. मग मांडीवरची एक पट्टी उचलली. "डोळे मीट. लागलं की सांग."

योगेशने डोळे मिटले. अंबाजीने पट्टी त्याच्या ओठाला टेकवून ओढली.

"लागलं?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"थुंकी गिळ. ओठ कोरडा पाहिजे. आता?"

योगेशने ओठ पुसून परत पुढे केला. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री थांबवली होती. दोन बायका बादल्या घेऊन उभ्या राहिल्या.

"ए योगेश, काय रा, बासरी शिकतो का?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

योगेशने डोळे उघडले नाहीत. "परत ओढा," तो बापाला म्हणाला. आणि मग, "हौ. आता लागलं."

"मग बुडखा कुठला?"

त्याने हात पुढे करून एक टोक धरलं. ते शेंड्याचं होतं. अंबाजीने मान हलवली आणि दुसरी पट्टी घेतली. त्या दिवशी योगेशने चाळीस पट्ट्या लावल्या. अंबाजीने त्या परत ओठावरून फिरवून तपासल्या, तेव्हा अकरा चुकलेल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी उषाने अंबाजीला ओठाला औषध लावून आत निजवलं, आणि तो निजला.

एप्रिलच्या एकोणतीस तारखेला चोवीस खुर्च्या दोन खेपांत टेम्पोने वाचनालयात गेल्या. भगवंतरावांनी एकेक खुर्ची उजेडाकडे कलती करून विणीतून पलीकडे बघितलं. सगळी भोकं सारखी होती. मग ते एका खुर्चीवर बसले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि मागे टेकले. अंबाजी दाराशी उभा होता. ओठावरची खपली काळी पडली होती.

"यातल्या अंबाजीच्या कोणत्या?" त्यांनी उषाला विचारलं. "आणि मशीनच्या कोणत्या?"

"सगळ्या त्यांच्याच," उषा म्हणाली. "आणि मशीनच्याही सगळ्याच."

भगवंतराव उठले. ते अंबाजीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग कोपऱ्यातल्या माठाकडे गेले, पेला भरला आणि स्वतः आणून त्याच्या हातात दिला. अंबाजी उभ्यानेच, ओठ न लावता, वरून पाणी प्यायला. चीर भरायची होती, म्हणून असेल. सांगता येत नाही.

सभागृहाच्या खुर्च्यांचं ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. दहा दिवसांनी फोन आला. सोळा, तूर्त.

भारे आले त्या सकाळी उषाने डबीतून चुना काढून वाटीत कालवला आणि वाटी अंगणात ठेवली. अंबाजी वेत सोडत बसला. बुडखा बघायला बोट लागत नव्हतं, ओठही लागत नव्हता. डोळ्यांना दिसत होता. एकेक बोट चुना लावून तो वेत एका अंगाला रचत होता, सगळे बुडखे एका बाजूला.

आत काहीतरी फरफटल्याचा आवाज झाला. उषाने डोकावून बघितलं. योगेशने मशीन वीतभर मागे सरकवलं होतं. पुठ्ठ्याची घडी बाहेर पडली होती आणि ती परत घालायची गरज लागली नव्हती. मग तो बाहेर आला, ड्रमपाशी गेला, ठोकळा कवटाळून उचलला आणि मशीनच्या तोंडाशी नेऊन ठेवला. ठोकळ्याचं बूड ओलीने काळं पडलं होतं.

"बाबा, चुन्याची बाजू पुढे करून तुम्ही द्या. हाताला येईल ते टोक मी घालणार, ते काही माझ्याने सुटायचं नाही."

अंबाजी आत आला. ठोकळ्यावर बसला, डावा पाय मुडपला, उजवी टाच पुढे केली. खळगा कुठे आहे ते टाचेला कळणार नव्हतं; त्याने वाकून बघितलं आणि हाताने पाय उचलून त्यात ठेवला.

मशीन चालू झालं. एका तोंडाशी अंबाजी वेत देत होता, दुसऱ्या तोंडाशी योगेश भुशात उभा राहून, पट्टी बाहेर पडताक्षणी टोक पकडून गाठ मारत होता. आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं.

दुपारी उषाने पहिली जुडगी भिजत घातली, आणि चार वाजता चौकट पुढ्यात घेऊन बसली. तिने बादलीत न बघता हात घातला.

गाठ लागली. तिने ती सोडायला अंगठा लावला, तर सुटेना. मग तिने वर काढून बघितली. गाठ उजवीकडे वळलेली होती.

उषाने ती उलट्या बाजूने सोडली आणि टोक भोकातून घातलं.